विचारून जाते

कुरुंदा,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रतिक्षाताई,

फोन तुम्ही उचलत नाही. व्हॉट्सॅपवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सामसूम. म्हणून हे स्पीड पोस्टानं दिल्लीला पाठवते. ते घेताना सही करावी लागते, त्यामुळे मिळालंच नाही असं म्हणायची सोय राहत नाही.

काल फॉर्म भरून घेणारी फरहीन वसमतच्या ऑफिसातून तुमच्या प्रकल्पाच्या पुस्तिकेची कच्ची प्रत घेऊन आली. आठ मार्चला हिंगोलीत प्रकाशन आहे, बाहेरदेशचे पाहुणे येणार आहेत आणि मला मंचावर बसवणार आहेत, हेही तिच्याकडूनच कळलं. पान चौदावर माझा फोटो आहे. फोटो चांगला आलाय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. खालचा मजकूर वाचून मात्र माझं डोकं फिरलं. तुम्हाला पाठच असेल, तरी लिहिते. "तीन वर्षांपूर्वी रुपा यांना घराबाहेर पडण्यासाठी सासूची परवानगी घ्यावी लागत असे. प्रकल्पात सहभागी झाल्यानंतर आज त्या स्वतःचे निर्णय स्वतः घेतात. सक्षमता गुणांक ०.३१ वरून ०.८४."

ताई, ती सासू म्हणजे तुमची आई. नाव घातलं नाही एवढंच. कुरुंद्यात माझी सासू कोण हे कुणाला माहीत नाही?

आईंनी मला ते वाचून दाखवायला लावलं. मी पान उलटायला गेले, पण फोटो त्यांना आधीच दिसला होता. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शून्य पूर्णांक आठ चार म्हंजी किती?" मी म्हटलं, सोळा आण्यातले साडेतेरा. "आन् पयले?" पाच आणे. "बरं झालं बाई. पाच आन्याची सून आणली व्हती म्या, साडेतेरा आन्याची झाली. राह्यलेले अडीच कवा देणार हायेत?" ओट्यावर बसलेल्या बायका हसल्या, मीही हसले. तुमचे भाऊ विजयकुमार म्हणाले, "माझं नाव न्हाई न आलं? मंग छापू द्या." ते सध्या दिवसभर हळद शिजवायच्या कुकरजवळ असतात, त्यांना दुसरं काही सुचत नाही.

मग आई आत गेल्या. भाकरीचं पीठ काढता काढता आतूनच म्हणाल्या, "काहून गं रुपा, म्या तुला कवा कोंडून ठिवलं व्हतं?"

मी पुस्तिका मिटून बाजूला ठेवली.

आता कामाचं. तुमच्या फॉर्ममधला बाविसावा प्रश्न असा आहे: बाजारात, दवाखान्यात, माहेरी जायचं झाल्यास तुम्ही कसं ठरवता? आपल्याकडच्या बाया याला काय सांगतात ते तुम्हाला मी शिकवायला नको. "इचारून जाते." पहिल्या मोजणीच्या वेळी, दोन हजार बावीस साली, या प्रश्नाला दोनच चौकटी होत्या, परवानगी लागते आणि परवानगी लागत नाही. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की "विचारून" असं उत्तर आलं की "लागते" वर खूण करायची. गेल्या नोव्हेंबरच्या मोजणीत मीही घरोघर फिरले. तेव्हा फॉर्ममध्ये तिसरी चौकट आली होती, "चर्चा करून ठरवते". आणि सांगितलं की आता "विचारून" आलं की तिथं खूण करायची. बाया त्याच, शब्द तोच, चौकट बदलली आणि जिल्हा सक्षम झाला.

आपल्याकडे पाहुणा उठताना "येऊ का?" म्हणतो. आपण त्याला परवानगी देतो का? विजयकुमार रोज मोटारसायकलला किक मारायच्या आधी "आई, जाऊ का?" म्हणतात. त्यांचा गुणांक किती धरायचा? आई स्वतः शेतात निघताना मला म्हणतात, "रुपा, जाऊ का गं?" म्हणजे त्यांनाही सुनेची परवानगी लागते असं लिहा. आणि तुम्ही दिल्लीच्या नोकरीला निघालात तेव्हा उंबऱ्यात उभं राहून काय म्हणाला होतात? मी तिथंच होते, तुमची बॅग माझ्या हातात होती. "आई, येऊ का?" म्हणालात. आईंनी डोळे पुसले आणि "ये" म्हणाल्या.

ते वाक्य पान चौदावरून काढा. छापून व्हायच्या आत काढा. एवढंच मागते आहे.

रुपा

कुरुंदा,
२० फेब्रुवारी २०२५

प्रतिक्षाताई,

सही झाली म्हणायची. तुमचा मेसेज आला, आठ महिन्यांनी पहिला, आणि तो केवढा? "तुझ्याच उत्तरावरून लिहिलंय. फॉर्म माझ्यासमोर आहे."

आहे ना. मला माहीत आहे त्यात काय आहे. मागच्या पत्रात मी एवढं सगळं शहाणपण लिहिलं आणि हे तेवढं खुबीनं वगळलं. आता लिहिते, म्हणजे तुमच्या हातात माझ्याविरुद्ध काही उरणार नाही.

बावीस सालच्या जुलैत मी वसमतला कॉम्प्युटरच्या वर्गाला नाव घातलं. आरोही तेव्हा दीड वर्षाची होती. मी आईंना विचारलं. तेव्हा खरंच विचारलं, कारण लेकरू त्यांच्याच गळ्यात पडणार होतं. आई म्हणाल्या, "पोरगी दूध सोडेस्तोवर न्हाई." लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि त्यांनी मला नाही म्हणायची ती पहिली वेळ. मला झोंबलं. दुसऱ्या दिवशी आठच्या बसनं मी गेले.

आई अडीच महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. मी उंबऱ्यात "आई, येऊ का?" म्हणायचे आणि त्या तांदूळ निवडत राहायच्या. पण रोज सकाळी चुलीशेजारी माझा डबा भरलेला असायचा. संध्याकाळी आले की आरोही न्हाऊन, जेवून, त्यांच्या मांडीवर झोपलेली असायची. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं की म्हणायचे, सासू बोलत नाही.

त्यातच ऑगस्टमध्ये फरहीन फॉर्म घेऊन आली. मी तिला तेव्हा ओळखतही नव्हते. तिनं बाविसावा प्रश्न विचारला. मी म्हटलं, विचारून जाते. तिनं बिचारीनं नेटानं खात्री करून घेतली, "म्हणजे परवानगी लागते ना, बराबर?" आई दाराआड उभ्या होत्या. मला त्यांच्या बांगड्या ऐकू येत होत्या. मी मुद्दाम आवाज चढवला आणि म्हटलं, "हो, लागते. लिहून घ्या, सासूची परवानगी लागते."

फरहीननं लिहून घेतलं. चूक तिची नाही. मी खोटं बोलले, आणि एका बाईला ऐकू जावं म्हणून बोलले. ते हिंगोलीला, तिथून दिल्लीला, तिथून आणखी कुठल्या देशाला जाईल असं माझ्या डोक्यातही नव्हतं.

परवा हे मी आईंना सांगितलं. पाया पडायच्या तयारीनंच गेले होते. आई लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्या आइकलं व्हतं की. दाराआडच व्हते." मी म्हटलं, मग तेव्हाच बोलल्या का नाहीत? म्हणाल्या, "कसं बोलू? अबोला व्हता न आपला." आणि थोड्या वेळानं, "पर तू गेलीस ते बरं केलंस. म्या न्हाई म्हणले ते चुकलंच जरा. आता ते बी लिव्ह तिला."

लिहिलं. म्हणजे खरं उत्तर असं आहे, ताई: विचारलं, नाही म्हणाल्या, तरी गेले. घरी परत आले तेव्हा घर होतं तिथंच होतं. या उत्तराला तुमच्या पहिल्या फॉर्ममध्ये चौकट नव्हती, दुसऱ्यातही नाही. आणि हे तुमचा प्रकल्प गावात यायच्या आधीचं आहे. त्या बसमध्ये मला तुम्ही बसवलं नाही. माझे साडेतेरा आणे मी घरूनच आणले होते.

त्याबद्दल तुम्हाला राग येईल. येऊ द्या. वाक्य मात्र काढा. लिहायचंच असेल तर हे वर लिहिलंय ते लिहा, माझी हरकत नाही, आईंचीही नाही.

रुपा

कुरुंदा,
१ मार्च २०२५

प्रतिक्षाताई,

या वेळी उत्तर लवकर आलं. "तुझं म्हणणं समजलं. वर विचारून सांगते."

मी ते आईंना वाचून दाखवलं. आई म्हणाल्या, "वर म्हंजी कुणाला?" मी म्हटलं, तिच्या साहेबांना. "मंग तिला बी इचारावं लागतं व्हय?" मला हसू आवरेना. ताई, रागावू नका, पण बाविसाव्या प्रश्नाला तुमचं उत्तर कुठल्या चौकटीत बसतं?

तुमचं वर विचारून होईपर्यंत मी स्वस्थ बसले नाही. कुरुंदा आणि शिरड शहापूर मिळून "विचारून जाते" म्हणणाऱ्या एकेचाळीस जणी आहेत, दोन्ही मोजण्यांत. फरहीन आणि मी पाच दिवस फिरून त्या सगळ्यांकडे पुन्हा जाऊन आलो. ऑफिसानं पाठवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. हातात फॉर्म नव्हता. एकच प्रश्न विचारला: नाही म्हणाले तर?

सत्तावीस जणी या प्रश्नावर बघतच राहिल्या. नाही कोण म्हणेल? एक तर म्हणाली, "अगं, चप्पल पायात घालूनच इचारते मी." यांना परवानगी कधीच लागत नव्हती. तुम्ही त्यांना आधी बांधलंत आणि मग सोडवलंत, दोन्ही कागदावर.

नऊ जणी माझ्यासारख्या. नाही म्हणाले, तरी गेल्या. कुणी दोन दिवस अबोला सोसला, कुणी सहा महिने. एकीला नवऱ्यानं माहेरी पोचवलं आणि आठवड्यानं स्वतःच आणायला गेला, कारण म्हशी त्याला धार काढू देईनात. सांगताना तिचं हसू थांबत नव्हतं.

राहिल्या पाच. ताई, या पाच जणींसाठी मी हे पत्र लिहिते आहे. त्यांना विचारलं, नाही म्हणाले तर? एक म्हणाली, "तर न्हाई." आणि दार लोटून घेतलं. एकीनं पदर बाजूला करून दंडावरचा वळ दाखवला. तिसरीला आठ महिन्यांपासून पोटात दुखतं, दवाखान्यात जाऊ का म्हणून ती चार वेळा विचारून बसली आहे. उरलेल्या दोघींचं मी लिहीत नाही, शब्द दिलाय. नावं तर कुणाचीच लिहिणार नाही. पण तुमच्या पुस्तिकेत या पाचही जणी "चर्चा करून ठरवते" मध्ये आहेत. त्या मोकळ्या झाल्यात तुमच्या पानावर. उद्या कुणी त्यांच्यासाठी काही करायचं म्हटलं तर तुमचंच पुस्तक दाखवतील की इथं आता गरज राहिली नाही.

आधी मला वाटत होतं की आईंचं नाव खराब झालं म्हणून मी भांडते आहे. आता तेवढंच राहिलेलं नाही.

आणखी एक. जिल्ह्यात सगळ्यांत जास्त गुण कुणाला पडलेत तुम्हाला माहीत आहे? शिरड शहापूरच्या अजराबीला. ०.९७. ती म्हणाली माझं नाव लिही, लपवायसारखं काय आहे, म्हणून लिहिते. तिचा नवरा युसूफ चार वर्षांपूर्वी हैदराबादला कामाला गेला तो गेलाच. बाजार, दवाखाना, शेळ्या विकणं, सगळं ती कुणाला न विचारता ठरवते. मी तिला अभिनंदन म्हटलं तर म्हणाली, "इचारू कुणाला? भिंतीला? एकदा तरी कुणी न्हाई म्हणावं असं वाटतं गं." फरहीन बाहेर येऊन रडली. अजराबीची ती तकलीफ फरहीननं स्वतःच्या हातानं फॉर्मात भरली होती, एकेका खुणेनं, आणि वर गुण दिले होते.

यादी सोबत जोडली आहे, नावांशिवाय. वर काय म्हणतात ते कळवा. आणि ताई, तोच प्रश्न तुम्हालाही: वर नाही म्हणाले तर?

रुपा

कुरुंदा,
७ मार्च २०२५

प्रतिक्षाताई,

हे पत्र फरहीन तुमच्या हातात देईल. तुम्ही कालपासून हिंगोलीत उतरला आहात हे तिनंच सांगितलं. हिंगोलीपर्यंत आलात आणि कुरुंद्याला आला नाहीत. आई दोन दिवस पुरणाची डाळ काढून बसल्या होत्या. हे लिहू नको म्हणाल्या, म्हणून लिहिते.

तुमचा मेसेज मिळाला. "वर नाही म्हणाले. छपाई झाली आहे. उद्या प्लीज सांभाळून घे, माझं पुढच्या वर्षीचं काम यावर अवलंबून आहे." खरं सांगू, तुमचा मला पहिल्यांदाच राग आला नाही. तुम्ही घाबरला आहात एवढं कळलं. तुम्ही आमच्या घरातली पहिली बाई जी एकटी दिल्लीला गेली. तुमच्याकडे बघूनच मी ती आठची बस पकडली होती, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आणि आज तुम्ही विचारलंत, नाही ऐकलंत आणि बसून राहिलात. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

पण सांभाळून घेणार नाही.

ऑफिसानं मला चार ओळींचं भाषण लिहून पाठवलंय, "मी पूर्वी घाबरत असे" इथून सुरू होणारं. ते मी आरोहीला चित्रं काढायला दिलं. उद्या मंचावर माइक हातात आला की मी तीन गोष्टी सांगणार आहे. पहिली, पान चौदावरचं खोटं हे माझं स्वतःचं आहे, सासूवर रुसून बोललेलं, आणि ते मी सगळ्यांसमोर मागे घेते. दुसरी, "विचारून" म्हणजे काय ते पाहुण्यांना समजावून सांगेन, "येऊ का" पासून सुरुवात करून. दुभाष्याला जमलं तर जमलं. तिसरी, एकेचाळीस जणींचा हिशेब. सत्तावीस, नऊ आणि पाच. त्यातल्या पाचांवर थांबेन. नंतर कुणाला पान चौदा कापून टाकायचं असेल तर कात्री घेऊनच येते.

माझं नोव्हेंबरपासूनचं काम यानंतर राहणार नाही, हे फरहीननं मला दोनदा सांगितलं. मी म्हटलं, बरं. तिचं राहावं म्हणून तिचं नाव घेणार नाही. तर ती म्हणाली, "मी काय मुकी आहे? मी पण खाली उभी राहीन, बोलीन." तेव्हा दुभाष्याला हिंदीचीही तयारी ठेवायला सांगा.

आई येताहेत. काल मी त्यांना विचारलं, "आई, परवा हिंगोलीला जाऊ का? हे असं असं बोलणार आहे. ताईंना त्रास होईल." या वेळीही खरंच विचारलं, कारण तुम्ही त्यांची लेक आहात. आईंनी डाळ निवडता निवडता ऐकून घेतलं. नाही म्हणाल्या असत्या तर काय केलं असतं, मला सांगता येत नाही. कदाचित गेलेच असते, पण पाय जड झाले असते. मग म्हणाल्या, "मी बी येते. मला छापलंय तर माझं तोंड बी बघू दे लोकायला." हिरवं लुगडं काढून ठेवलंय. मंचावर नको, पण पुढच्या रांगेत त्यांना खुर्ची ठेवा. आणि कार्यक्रम झाला की त्यांना न भेटता दिल्लीला पळू नका. त्या भांडायला येत नाहीत, पुरणपोळ्या घेऊन येताहेत.

आम्ही आठच्याच बसनं निघतो. आरोहीला तिच्या बापाजवळ ठेवणार. तिलाही रीतीप्रमाणे विचारलं, "आरोही, जाऊ का गं?" ती म्हणाली, "न्हाई." मी म्हटलं, बरं, आणि तिच्यासाठी घरी ठेवून जायच्या डब्याची तयारी केली.

आता तुम्हीच राहिलात. तुम्हालाही विचारते.

ताई, येऊ का?

तुमची
रुपा